पन्नास नॅनोग्रॅमची मर्यादा

दिवस गेले की नाही, हे घरच्या घरी पाहण्याची पट्टी आता कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. तिच्यावर उमटणारी ती दुसरी रेघ म्हणजे प्रतिपिंडांनी पकडून ठेवलेले एक संप्रेरक असते. ‘ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन’ हे त्याचे लांबलचक नाव. आपण त्याला एचसीजी म्हणू. पट्टीवरची प्रतिपिंडे या संप्रेरकाला नुसती धरतात. मात्र अशीच प्रतिपिंडे स्त्रीच्या रक्तात निर्माण झाली आणि त्यांनी संप्रेरकाला धरण्यावर न थांबता त्याचे कार्यच बंद पाडले तर? या प्रश्नाचा पाठपुरावा आपल्याच देशात, दिल्लीच्या प्रयोगशाळांत, फार चिकाटीने झाला आहे.

एचसीजीचे काम थोडे समजून घेतले पाहिजे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. त्याचे आयुष्य अवघे चौदा दिवसांच्या आसपास. तो सुकला की पाळी येते. गर्भ रुजू लागला असेल, तर त्याच्या बाह्य आवरणातून एचसीजी पाझरते आणि ‘अजून थांब’ असा जणू निरोप पीतपिंडाला पोचवते. पुढे वार आपला कारभार हाती घेईपर्यंत गर्भाची सारी भिस्त या निरोपावर असते. निरोप वाटेतच अडला, तर पाळी नेहमीसारखी येते.

डॉ. जी. पी. तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने पहिले महत्त्वाचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध केले. शरीर स्वतःच्या संप्रेरकाविरुद्ध सहसा प्रतिपिंडे बनवीत नाही, म्हणून त्यांनी एचसीजीचा ‘बीटा’ हा घटक धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला जोडला. परक्याच्या सोबतीने आलेला आपला माणूसही दारावरच्या पहारेकऱ्याला संशयास्पद वाटावा, तशी ही युक्ती. पुढे त्या बीटा घटकाला मेंढीच्या एका संप्रेरकाच्या ‘अल्फा’ घटकाची जोड दिली गेली, आणि वाहक म्हणून घटसर्पाचे निर्विष विषही वापरात आले.

आता मुख्य गोष्ट मोजमापाची. एचसीजीला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावायची, ते स्त्रीच्या रक्तरसात मिसळायचे, प्रतिपिंडांना साक्यासारखे खाली बसवायचे आणि त्यांच्याबरोबर किती किरणोत्सर्ग खाली आला ते यंत्राने मोजायचे. यावरून दर मिलिलिटरला किती नॅनोग्रॅम संप्रेरक बांधले गेले ते कळते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग! पण बांधणे आणि निष्प्रभ करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. संप्रेरकाचा जो भाग पेशीवरील ग्राहीत जाऊन बसतो, त्याच्या दूर कुठेतरी प्रतिपिंड चिकटले, तर संप्रेरक ते ओझे अंगावर घेऊनही आपले काम उरकू शकते. चोराचा सदरा हातात आला म्हणजे चोर सापडला असे होत नाही.

म्हणून जिवंत ऊतींवरची कसोटी लागते. ठरावीक मात्रेचे एचसीजी रक्तरसाबरोबर काही काळ ठेवतात आणि मग ते मिश्रण उंदराच्या वृषणातील लायडिग कोशिकांवर घालतात. संप्रेरक मोकळे असेल, तर या कोशिका टेस्टोस्टेरॉन बनवतात. निष्प्रभ झाले असेल, तर गप्प राहतात. दुसरी रीत जुनी आणि काहीशी खेडवळ, पण मला अधिक विश्वासू वाटते. तेच मिश्रण वयात न आलेल्या उंदरिणींना टोचतात आणि काही दिवसांनी त्यांच्या गर्भाशयाचे वजन करतात. एचसीजीने अंडाशय जागे केले, तर गर्भाशय वाढतो. वाढ झाली नाही, तर प्रतिपिंडांनी काम केले. रक्तरसातले इतर पदार्थ फसवू नयेत म्हणून तुलनेला लसीपूर्वीचा रक्तरस हवाच.

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पूर्वी अपत्ये झालेल्या १४८ स्त्रिया सहभागी होत्या. सर्वांच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण झाली, मात्र दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम एचसीजी निष्प्रभ करण्याची क्षमता त्यांपैकी ११९ जणींतच स्पष्टपणे ओलांडली गेली. या मर्यादेच्या वर असताना १,२२४ पाळीचक्रांत एकच गर्भधारणा झाली. बीजोत्सर्ग चालू राहिला. हे विशेष, कारण पियुषिका ग्रंथीतील एक संप्रेरक एचसीजीसारख्याच घडणीचे असून त्याच ग्राहीवर बसते, आणि प्रतिपिंडांनी त्यालाही गाठले असते तर स्त्रीबीजच बाहेर पडले नसते. क्षमता ३५ नॅनोग्रॅमच्या खाली उतरल्यावर गर्भ राहू लागला. म्हणजे परिणाम कायमचा नव्हता.

उरलेल्या २९ जणींचा विचार मात्र मनातून जात नाही. टोचण्या त्यांनीही घेतल्या होत्या, दुखापतही तेवढीच सोसली होती. गोळी चुकली तर बाईला ठाऊक असते, तांबी निसटली तर दोऱ्यावरून कळू शकते. रक्तातली क्षमता ४० आहे की ६०, हे मात्र प्रयोगशाळेने सांगितल्यावाचून तिला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय प्रतिपिंडे पुरेशी चढेपर्यंत दुसरे साधन वापरायचेच, आणि मूल हवेसे वाटले तरी ती उतरण्याची वाट पाहायची. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात हे सारे कोण मोजणार? १९९३ साली अनेक देशांतील स्त्री-संघटनांनी अशा लसींचे संशोधनच थांबवावे अशी मागणी केली, तेव्हा लस बाईच्या नकळत टोचली जाईल ही भीतीही त्यामागे होती. आपल्याकडे आणीबाणीतील नसबंदीच्या आठवणी ताज्या होत्या. ती भीती पोकळ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. संशोधकांची बाजूही हलकी नव्हती. पाळीचे चक्र न बिघडवणारे, रोज लक्षात ठेवावे न लागणारे साधन बायकांना हवेच होते.

ही लस अद्याप औषधाच्या दुकानात आलेली नाही. जनुकीय तंत्राने बनवलेल्या तिच्या नव्या रूपावर पुढे काम झाले, आणि त्याचाही मुख्य हेतू हाच की मर्यादेखाली राहणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी व्हावी.