नाव तेच, डबा निराळा

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. पुढच्याच वर्षी सिस्कोने कंपनी विकत घेतली, आणि आतलं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर बेतलेलं असल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या जीपीएल परवान्याच्या अटीमुळे सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं. खरा घोळ झाला २००५ च्या अखेरीस. चौथ्या आवृत्तीत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. पाचवीत दोन्ही निम्म्यावर आल्या, लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली आली, पण नाव बदललं नाही. जुनं हार्डवेअर मात्र डब्ल्यूआरटी५४जीएल म्हणून वेगळं, तेही चढ्या भावाने विकायला आलं. म्हणजे जुन्या मालाला नवं नाव आणि नव्या मालाला जुनं! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हातातला डबा कोणता, हे सांगत होती ती तळाच्या लेबलवरच्या सिरीयल नंबरची पहिली चार अक्षरं: सीडीएफए असेल तर चौथी आवृत्ती, सीडीएफबी असेल तर पाचवी.

मॉडेलचं नाव हे गिऱ्हाइकाला दिलेलं वचन असतं, आणि गेली वीस वर्षं ते सर्रास मोडलं गेलं, असं माझं मत आहे. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन भारतातही घरोघरी पोचला. त्याच्या आवृत्त्या चौदापर्यंत गेल्या आणि वाटेत चिपही बदलली: बाराव्या आवृत्तीत क्वालकॉमची, तेरावीत मीडियाटेकची. तेरावीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती, चौदावीत पुन्हा ४ आणि ३२. एकीचं फर्मवेअर दुसरीत घातलं, तर डबा सुरूच न होण्याची शक्यता असते. त्याला ‘ब्रिक झाला’ म्हणतात; वीटच ती, फक्त बांधकामाला निरुपयोगी.

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. सुटे भाग मिळेनासे होतात, स्वस्त चिप येते, आणि प्रत्येक बदलाला नवं नाव दिलं तर दुकानदारच गोंधळेल. साध्या गिऱ्हाइकाला वाय-फाय चालल्याशी मतलब. खरेदीच्या दिवशी हे पटतं. पण फर्मवेअरचा प्रश्न चार वर्षांनी उभा राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीतली ‘क्रॅक’ ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा आपल्या डब्यासाठी दुरुस्ती आली आहे का, हे नुसत्या नावावरून कळणं अवघड होतं. ‘घरी कोण अपग्रेड करतंय?’ हा आक्षेप तर उलटतोच: लोक करत नाहीत, याला नेमकी फाइल शोधायची कटकटही कारण आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कंपनीचा आधार संपलेल्या राउटरांमध्ये मालवेअर शिरत असल्याचा इशारा दिला. त्या यादीत लिंकसिसचे ई१२००, डब्ल्यूआरटी३१०एन असे जुने डबे होते.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. चिप किंवा मेमरी बदलली की नावही बदला, अशी सक्ती मात्र त्यात नाही. तशी सक्ती येईपर्यंत फर्मवेअर उतरवण्याआधी राउटर उलटा करा आणि लेबलवर ‘व्हर्जन’पुढचा आकडा वाचा.