मेरिडनच्या आडवाटा

मेरिडन, इंग्लंड

बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री या कारखानदारीच्या दोन शहरांमध्ये अंतर जेमतेम तीस किलोमीटर. आपल्याकडचा अनुभव गाठीशी असलेला माणूस म्हणेल, ही शहरं एव्हाना एकमेकांत मिसळली असतील. नेपियर टाउनातून तिलवाऱ्याकडे निघालं की जबलपूर नेमकं कुठे संपलं हे हल्ली सांगता येत नाही, तसंच. पण इथे मधोमध शेतं आहेत, मेंढ्या आहेत, ओकची झाडं आहेत, आणि त्यांच्यात मेरिडन नावाचं खेडं आहे. या मोकळ्या पट्ट्याला ‘मेरिडन गॅप’ म्हणतात. ही देवाची कृपा नाही, सरकारी कागदाची आहे. 1947 च्या नगररचना कायद्याने जमिनीवर बांधकाम करायचा हक्क मालकाकडून काढून परवानगीच्या ताब्यात दिला. 1955 मध्ये सरकारने परिपत्रक काढून शहरांभोवती ‘ग्रीन बेल्ट’ आखायला सांगितलं. त्यातून जी शेतं वाचली, त्यांच्यामधले रस्तेही वाचले. इंग्रजी खेड्यातल्या सायकलवाटांबद्दल लिहायचं तर सुरुवात निसर्गापासून करण्यात अर्थ नाही, या कागदापासूनच करावी लागते.

मेरिडनच्या हिरवळीवर ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सायकलस्वारांचं हे स्मारक. 21 मे 1921 रोजी लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात सायकलवर फिरणाऱ्या तुकड्या होत्या. निरोप पोचवणं, टेहळणी करणं अशी कामं त्यांच्याकडे असत. आजही दर मे महिन्यात सायकलस्वार इथे प्रार्थनेला जमतात. जागा मेरिडनचीच का, तर हा इंग्लंडचा मध्य आहे अशी जुनी समजूत. 2002 मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने हिशेब करून खरा मध्य शेजारच्या लेस्टरशायरमधल्या एका शेतात दाखवला. मेरिडनने ते फारसं मनावर घेतलेलं नाही. आपल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदीला देशाचा मध्य म्हणतात आणि नागपूरकर झीरो माइलचा खांब दाखवतात, तेव्हा या बाबतीत आपण इंग्रजांना हसू नये हे बरं.

कॉव्हेंट्री इथून दहाएक किलोमीटरवर. सायकलच्या इतिहासात या गावाचं नाव टाळताच येत नाही. 1868 मध्ये तिथल्या एका शिलाई मशीनच्या कारखान्याला पॅरिसहून दोनचाकींची मागणी आली, आणि पुढच्या वर्षी कारखान्याने चक्क नावच बदललं. त्याच कारखान्यातल्या जेम्स स्टार्लीच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, 1885 मध्ये ‘रोव्हर सेफ्टी’ आणली. जवळपास सारख्या मापाची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण चालवतो ती सायकल मूळची हीच. दुसऱ्या बाजूला बर्मिंगहॅम, म्हणजे हर्क्युलस आणि बीएसए. आपल्या वडिलांच्या पिढीने ही नावं घरातलीच मानली. 1949 नंतर त्या सायकली मद्रासला बनू लागल्या, पण नावं इथल्या गल्ल्यांतून आलेली.

आता वाटा. मेरिडनहून दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर बर्क्सवेल. चर्चच्या पोटात नॉर्मन काळातलं तळघर, बाहेर लाकडी माडीचा दरवाजा, आणि हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा जुना खोडा. त्याला भोकं पाच आहेत, त्यामुळे गावात एक पायाचा गुन्हेगार होता का, यावर गंमतीच्या गोष्टी रंगतात. तिथून बॉल्सल कॉमन, मग जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या केनिलवर्थ ग्रीनवेने थेट केनिलवर्थ. तिथे किल्ल्याखालून ओढा रस्त्यावरून वाहतो. पूल आहे, तरी मुलं मुद्दाम पाण्यातून सायकल घालतात. दुसरा फेरा उत्तरेचा. मॅक्सस्टोक, शुस्टोकचा तलाव, फिलाँग्ली, आणि परतताना कॉर्ली मूरचा चढ. मॅक्सस्टोकचा खंदक असलेला किल्ला चौदाव्या शतकातला, पण खाजगी. जबलपूरच्या मदनमहालसारखं वर चढून बसता येत नाही, रस्त्यावरून जेवढा दिसेल तेवढा.

या रस्त्यांचा स्वभाव वळणाचा. हा भाग जुन्या आर्डन जंगलाचा. लोकांनी जंगल थोडं थोडं तोडून शेतं काढली आणि वाट प्रत्येक शेताच्या बांधाला वळसा घालत गेली. पूर्वेकडच्या लेस्टरशायरमध्ये अठराव्या शतकात संसदेच्या कायद्यांनी सामायिक जमिनी वाटून कुंपणं घातली, तेव्हा मोजणीदारांनी पट्टी ठेवून रस्ते आखले. सरळ, रुंद, दोन्ही अंगांना गवत. सायकलवर तासभर गेलात की कुठला रस्ता पावलांनी झाला आणि कुठला पट्टीने, हे मांड्यांना कळतं. मला पावलांचेच आवडतात. सरळ रस्त्यावर समोरचा वारा चुकवायला जागा नसते.

वळण आलं की कुंपण आलं. माणसापेक्षा उंच झुडुपांच्या भिंती, पलीकडचं काही दिसत नाही. आणि इथेच नवख्याला धक्का बसतो. दोन मोटारी शेजारून जाऊ शकत नाहीत अशा बोळावरही कायद्याने वेगमर्यादा ताशी साठ मैल, म्हणजे शहाण्णव किलोमीटर! बहुतेक लोक तितकं हाकत नाहीत, हा भाग वेगळा. 2022 मध्ये वाहतूक नियमावली बदलली. ज्याच्याकडून दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी जास्त, आणि सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर. घोड्याजवळून जाताना मात्र सायकलस्वाराने वेग कमी करून तोंडाने हाक द्यायची. घोडा घंटीने बुजतो, माणसाच्या आवाजाने नाही. घंटीचाही इतिहास आहे. 1888 च्या कायद्याने सायकलला ‘वाहन’ म्हणून रस्त्यावर हक्क दिला, पण कोणाला ओलांडण्यापूर्वी घंटी वगैरे वाजवून इशारा देण्याची अट घातली. ती 1930 मध्ये सुटली. शेतातल्या पायवाटांवर सायकलला हक्क नाही. घोडेवाटांवर आहे, 1968 पासून. त्यामुळे फाट्यावरची पाटी नीट वाचूनच वळावं.

सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणं छाटतात. पक्ष्यांच्या विणीमुळे मार्च ते ऑगस्ट छाटणीला बंदी असते. छाटणी झाली की हॉथॉर्नच्या झुडुपांचे काटे रस्त्यावर पडतात आणि रविवारी कडेला सायकली उलट्या करून पंक्चर काढत बसलेले लोक दिसू लागतात.

हे लोक कोण? गावकरी नव्हेत. गावकरी दुधाची बाटली आणायलाही मोटार काढतो, कारण दुकान बंद झालेलं असतं किंवा शेजारच्या गावात असतं. सायकलवर असतात ते शहरातले डॉक्टर, शिक्षक, निवृत्त कारखानदार. क्लबचे पंधरा-वीस जण जोडी-जोडीने निघतात. पुढचा खड्ड्याकडे बोट करतो, मागचा मोटार आल्याची आरोळी देतो. निम्म्या वाटेवर चहा आणि केक, आणि त्या केकसाठीच निम्मे येतात असा माझा संशय आहे. काही जण तर सायकल मोटारीच्या पाठीवर बांधून खेड्यापर्यंत आणतात. जबलपूरला कारखान्यांच्या सकाळच्या भोंग्याला रांझी आणि खमरियाच्या रस्त्यावर लोटणाऱ्या सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवल वाटेल. आपल्याकडे सायकल पगाराला घेऊन जायची. इंग्लंडात दर शंभर फेऱ्यांमधल्या दोनेकच सायकलवर होतात, आणि खेड्यातल्या वाटांवर तर ती रविवारचं व्रत झाली आहे. मला यात थोडी खंत वाटते. ज्या भागाने जगाला सायकल दिली, तिथल्या मुलाला शाळेत मोटारीने सोडावं लागतं.

शर्यतीची गोष्ट आणखी विचित्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांची धास्ती घेऊन सायकल संघटनेनेच रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. तेव्हा 1895 मध्ये एफ. टी. बिडलेक यांनी पळवाट काढली. स्पर्धक एकेक करून सोडायचा, घड्याळाशी झुंजायचं, काळे कपडे घालायचे, पहाटे निघायचं आणि मार्गाचं नाव अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक खुणेत लिहायचं. बंदी केव्हाच गेली, खुणा राहिल्या. 1942 मध्ये पर्सी स्टॅलार्ड यांनी लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी उघड सामूहिक शर्यत भरवली, तर संघटनेने त्यांनाच बाद केलं.

सध्या इथल्या चर्चेचा विषय एचएस2, लंडन ते बर्मिंगहॅम वेगवान रेल्वे. तिचा मार्ग नेमका याच पट्ट्यातून, बर्क्सवेलजवळून जातो. ग्रीनवेचा काही भाग कामापायी वळवला गेला आणि गावांत ट्रकांची ये-जा वाढली. इतकी वर्षं घर बांधायला ज्या शेतात परवानगी मिळाली नाही, त्यातून संसदेने एका कायद्याने लोहमार्ग नेला. गावकरी चिडलेले आहेत, आणि त्यांची बाजू मला पटते. जबलपूरहून कोणी उन्हाळ्यात येणार असेल, तर हॅम्प्टन-इन-आर्डन स्टेशनवर उतरावं, उत्तरेच्या फेऱ्याने निघावं. दक्षिणेकडे जायचं तर त्या दिवशी कुठला रस्ता बंद आहे ते आधी विचारून घ्यावं.