दुखणे पायात, उगम कमरेत

‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी’ अशी म्हण आहे. पाय दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी ठरते. पोटरी ठणकते म्हणून तो पोटरीला तेल चोळतो, मांडीला शेक देतो. परंतु पोटरी व मांडी निर्दोष असतात. बिघाड असतो तो कमरेत. उगमापासून दूर, अन्यत्रच जाणवणाऱ्या अशा वेदनेस वैद्यकात ‘रेफर्ड पेन’ म्हणतात. तिचा उगम ओळखता आला नाही, तर उपचार भलत्याच जागी होत राहतात आणि रोगी हताश होतो.

मेंदूची फसगत

कमरेचे सांधे, अस्थिबंध व स्नायू यांच्यापासून निघणारे मज्जातंतू आणि पायाच्या काही भागांकडून येणारे मज्जातंतू पृष्ठरज्जूतील एकाच पेशीपाशी येऊन मिळतात. तेथून मेंदूकडे जाणारी वाट एकच असते. दोन घरांची पत्रे एकाच पेटीत पडावीत आणि पत्रावर धाडणाऱ्याचे नाव नसावे, तशी मेंदूची स्थिती होते. कमरेकडून आलेली वर्दी पायाकडून आली, असा त्याचा समज होतो.

हे केवळ अनुमान नव्हे. इ. स. १९३८ च्या सुमारास लंडन येथे डॉ. केलग्रेन यांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंत व मणक्यांमधील अस्थिबंधांत मिठाचे तीव्र द्रावण टोचून पाहिले. सुई कमरेच्या अस्थिबंधात शिरली असता वेदना मात्र नितंबात व पायात जाणवली. सुईची पातळी बदलली, की वेदनेचे क्षेत्रही बदलले.

वेदनेचे दोन प्रकार

कमरेतून पायात उतरणारी प्रत्येक वेदना मात्र एकाच जातीची नसते. सांधे वा अस्थिबंध यांच्यामुळे उद्भवणारी वेदना खोल, बोथट व पसरट असते. रोग्याला तिच्यावर नेमके बोट ठेवता येत नाही. दोन मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळाला दाह झाला, तर वेदना अरुंद पट्ट्यासारखी, विजेचा झटका बसावा तशी पावलापर्यंत धावते. तिच्याबरोबर मुंग्या, बधिरता वा पायाची दुर्बलता येऊ शकते. हीच ‘सायटिका’ होय. नितंबापासून क्रमाने पावलापर्यंत उतरणाऱ्या या व्याधीचे वर्णन चरकसंहितेत ‘गृध्रसी’ या नावाने आलेले आहे. सरकलेली चकती आणि सायटिका यांचा संबंध अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली स्पष्ट केला.

उगम दर वेळी कमरेतच असतो असेही नाही. खुब्याच्या सांध्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. म्हणून मूल लंगडत असेल व ‘गुडघा दुखतो’ म्हणत असेल, तर त्याचा खुबाही तपासणे अगत्याचे ठरते.

एका चुकीचे फळ

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम हा उगम शोधतो. रोग्याला उताणे निजवून त्याचा पाय सरळ ठेवून वर उचलतो. बोटांची शक्ती, त्वचेची संवेदना व गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. नंतर कंबर पुढे, मागे व बाजूला पुनःपुन्हा वाकवून वेदना कोठे सरकते ते पाहतो.

या शेवटच्या परीक्षेचा इतिहास मनोरंजक आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे रॉबिन मॅकेंझी या तरुण भौतिकोपचारतज्ज्ञाने एका रोग्याला पालथे झोपण्यास सांगितले. मेजाचे डोक्याकडील टोक आधीच्या रोग्यासाठी उंच केलेले होते, ते तसेच राहिले होते. मॅकेंझी थोड्या वेळाने परतले, तो रोगी कमरेत मागे वाकलेल्या स्थितीत पडून होता! ते घाबरले, परंतु रोगी म्हणाला की, कित्येक दिवसांत इतके बरे वाटले नव्हते. पायातील वेदना नाहीशी होऊन कमरेच्या मध्यभागी आली होती. वेदना पायातून माघार घेऊन कमरेकडे येणे हे सुलक्षण आहे, हे सूत्र पुढे या निरीक्षणातून सिद्ध झाले. तेव्हा अशा वेळी कमरेतील दुखणे किंचित वाढले, तरी रोग्याने भिण्याचे कारण नसते. ज्या हालचालीने वेदना वर सरकते ती करावी. जिच्यामुळे ती पावलाकडे उतरते ती तूर्त टाळावी. अर्थात मागे वाकणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही. कोणाला पुढे वाकण्यानेच आराम पडतो. म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम आंधळेपणाने करू नये.

विश्रांती किती?

पूर्वी अशा रोग्यांना दीर्घकाळ अंथरुणास खिळवून ठेवीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात सायटिकाच्या काही रोग्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, तर इतरांना नित्याचे व्यवहार चालू ठेवू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील ८७ टक्के रोग्यांना सारखाच उतार पडला होता. म्हणजे अंथरुणाने विशेष काही साधले नाही. आज सोसेल तेवढे चालणे, पोट व पाठ यांचे स्नायू क्रमाक्रमाने बळकट करणे आणि एकाच आसनात फार वेळ न बसणे यांवर भर असतो.

मात्र लघवी वा शौचावरील ताबा सुटला, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता आली किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर व्यायामात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटू लागते. त्यासाठी जेथे दुखते तेथेच न थांबता, ते कोठून आले हे विचारले पाहिजे.