बडतर्फ शिक्षक आणि ३० दिवसांची मुदत

महाराष्ट्रातील खासगी शाळेतून बडतर्फ झालेल्या शिक्षकाला १९७७च्या सेवाशर्ती अधिनियमातील कलम ९ नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा वादांसाठीच नेमलेल्या न्यायपीठाकडे, दाद मागता येते. मात्र अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची असल्याने ती संस्थाचालकांच्या विनवण्यांत दवडण्याऐवजी शिक्षणविषयक कायद्याचा जाणकार वकील तातडीने गाठणे अत्यंत निकडीचे असते. असा वकील प्रथम चौकशीचे कागद तपासतो : या अधिनियमाखालील नियम ३६ प्रमाणे तीन सदस्यांची समिती नेमली होती का, तीत शिक्षकाने सुचवलेला प्रतिनिधी आणि राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक होते का, आरोपांचा खुलासा करण्याची संधी मिळाली होती का. बडतर्फी बेकायदा ठरल्यास न्यायाधिकरण थकीत वेतनासह शिक्षकाला पूर्वपदावर परत घेण्याचा आदेश देऊ शकते.