स्क्रूला हात लावण्यापूर्वी : जुन्या एमपीएफआय वाहनाचे आयडलिंग

दूध, भाजीपाला आणि रोपे यांची ने-आण करणाऱ्या जुन्या पेट्रोल व्हॅन ग्रामीण भागात आजही वापरात आहेत. यांपैकी अनेक वाहनांत मारुतीचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. 2000 च्या सुमारास या इंजिनात कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय प्रणाली आली. दुरुस्तीची सवय मात्र पूर्वीचीच राहिली. गाडी उभी असताना बंद पडू लागली की थ्रॉटलचा स्क्रू फिरवून ‘स्लो’ वाढवून दिला जातो. कार्ब्युरेटरच्या काळात हा उपाय योग्य होता. एमपीएफआय इंजिनात मात्र त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढील निदान अधिक कठीण होते.

या प्रणालीत थ्रॉटलची झडप मिटलेली असताना इंजिनाला लागणारी हवा बाजूच्या अरुंद मार्गाने जाते आणि तिचे नियंत्रण ईसीयूच्या आदेशाने होते. इंजिन तापल्यावर वेग मिनिटाला साधारणतः 800 ते 950 फेऱ्यांवर स्थिरावतो. स्क्रूने झडप किंचित उघडी ठेवली, तर चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे असा ईसीयूचा समज होऊ शकतो.

म्हणून प्रथम दोष केव्हा प्रकट होतो ते पाहावे. इंजिन थंड असताना, तापल्यावर, की दिवे लावताच? दिवे लावताच वेग कोसळत असेल, तर बॅटरी, अर्थिंग आणि काजळीने माखलेली थ्रॉटल बॉडी तपासावी. काजळी इंजिन बंद ठेवून, क्लीनरने भिजवलेल्या कापडाने पुसावी.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रेस आपोआप वर-खाली होणे. इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली एखादी रबरी नळी तडकली, की मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या इंजिनात दाब वाढल्याचे पाहून ईसीयू इंधनही वाढवते आणि वेग चढतो. झडप मिटलेली असूनही वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ईसीयू इंधन तोडते. वेग पडला की पुन्हा देते. हेच चक्र चालू राहते. अशा वेळी सेन्सर बदलण्याची घाई करू नये. एकेक नळी पकडीने अलगद दाबून वेगात फरक पडतो का ते पाहावे. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल मुळीच शिंपडू नये.

या नळ्यांपैकी एक ब्रेक बूस्टरला जाते, म्हणून हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. भरलेली गाडी उतारावर असताना इंजिन बंद पडले, तर एक-दोन दाबांनंतर ब्रेकची मदत संपते आणि पेडल कठीण होते. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टर व त्याची नळी प्रथम दुरुस्त करावी.

इंजिन तापल्यावरही वेग चढाच राहत असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे विचारावे. गाडी गरम होऊ नये म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे फार रुजली आहे. त्यामुळे इंजिन अर्धवट थंड राहते, ईसीयू जास्त इंधन देत राहते आणि मायलेज घटते. शीतकाचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तरी हेच घडते. बहुतेक गाड्यांत त्याचा रोध 20 अंश सेल्सिअसला दोन-अडीच किलोओहम, तर 80 अंशांना सुमारे 300 ओहम असतो; साध्या मल्टिमीटरने तो मोजता येतो.

एकसारखा थरकाप हा मात्र बहुधा एखाद्या सिलिंडरचा दोष असतो. इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढावा. जो काढल्याने वेगात फरक पडत नाही, त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासावा.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील बरेचसे आपल्याच उसाचे व मक्याचे. तरी जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडवलेले नाही. इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला पाहाव्यात आणि चिरलेली नळी लगेच बदलावी.

दुरुस्तीनंतर पूर्वी फिरवलेला स्क्रू कंपनीच्या मापावर परत आणावा. बॅटरी काढून जोडल्यावर काही काळ वेग अस्थिर राहिला, तरी ईसीयू नवे मूल्य शिकेपर्यंत गाडी चालवून पाहावी.