सभागृहातील कॅमेरा कोणाचा?

नवी दिल्ली : आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या मराठी कर्मचाऱ्याला संसद भवन जवळ आहे. पण आपल्या भागाचा खासदार तेथे काय करतो, हे त्यालाही बीड-परभणीतल्या नातेवाइकांप्रमाणे मोबाइलवरच कळते. त्यामुळे ती चित्रफीत कोणी टिपावी, हा प्रश्न केवळ संसदीय शिष्टाचाराचा राहत नाही.

राज्यसभेत 9 फेब्रुवारी 2023 रोजी राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेला पंतप्रधान उत्तर देत होते आणि विरोधक घोषणा देत होते. महाराष्ट्रातून निवडून आलेल्या काँग्रेसच्या सदस्या रजनी पाटील यांनी हे दृश्य मोबाइलवर टिपले व ते समाजमाध्यमावर गेले, अशी तक्रार सत्ताधारी बाकांवरून झाली. दुसऱ्याच दिवशी सभापती जगदीप धनखड यांनी त्यांच्या निलंबनाची घोषणा केली. विशेषाधिकार समितीने पुढे त्यांना दोषी ठरवले. मात्र भोगलेले निलंबन हीच पुरेशी शिक्षा मानून 7 ऑगस्ट 2023 रोजी ते मागे घेण्यात आले.

चित्रीकरणावरील बंदीला सबळ कारणे आहेत. जुलै 2016 मध्ये लोकसभेचे तत्कालीन सदस्य भगवंत मान यांनी संसदेच्या प्रवेशमार्गाचे चित्रण फेसबुकवर टाकले, तेव्हा 2001 च्या हल्ल्याची आठवण ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेची चिंता रास्त होती. किरीट सोमय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांना दोषी धरले आणि डिसेंबरमध्ये उर्वरित अधिवेशनासाठी त्यांचे निलंबन झाले. शिवाय, प्रत्येक सदस्य मोबाइल उगारून बसला, तर सभागृहाचे चित्रीकरण केंद्र व्हायला वेळ लागणार नाही.

तथापि, पाटील प्रकरणात सुरक्षेचा मुद्दा नव्हता. तेथे वाद होता तो सभागृहाचे कोणते रूप मतदाराने पाहावे, याचा. सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या संसद टीव्हीच्या चित्रफिती सर्वच पक्षांचे खासदार समाजमाध्यमांवर टाकतात. त्याला कोणी हरकत घेत नाही. परंतु गोंधळाच्या वेळी हा कॅमेरा विरोधी बाकांकडे पाठ फिरवतो, ही विरोधकांची जुनी तक्रार आहे.

अमेरिकेतही हाच पेच पडला होता. बंदूक नियंत्रणासाठी जून 2016 मध्ये डेमोक्रॅटिक सदस्यांनी प्रतिनिधिगृहात ठिय्या दिला. कामकाज तहकूब असल्याने अधिकृत कॅमेरे बंद होते. सदस्यांनी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण केले. जानेवारी 2017 मध्ये बहुमतातील रिपब्लिकन पक्षाने अशा चित्रीकरणाला पहिल्या वेळी 500 आणि त्यानंतर 2,500 डॉलर दंड ठरवला. तेथेही अधिकृत कॅमेऱ्याने काय दाखवावे, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

गोंधळ दाखवल्यास गोंधळ घालणाऱ्यांना उत्तेजन मिळते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तो सर्वांना समान लागू व्हायला हवा. सदस्यांचे मोबाइल बंद ठेवायचे असतील, तर सभागृहाच्या कॅमेऱ्याने बोलणाऱ्याबरोबर समोरची बाकेही दाखवावीत आणि अध्यक्षांनी वगळलेला भाग सोडून सारे चित्रण खुले असावे. आपला प्रतिनिधी चर्चा करत होता की घोषणा देत होता, हे मतदाराला कळू द्यावे. त्याला शाबासकी द्यायची की पुढच्या निवडणुकीत घरी बसवायचे, हे मतदार ठरवील.