मानशीची पावणी कशासाठी? खाजनातल्या मासळीचा आणि बांधाचा हिशेब

गोव्यात खाजन शेतीत खारे पाणी घुसल्याची बातमी अधूनमधून येतच असते. बांध फुटला, सरकारने तो दुरुस्त करावा, अशी मागणी होते. पण खाजनाचा बांध आणि मानशीची मासळी हे दोन वेगळे विषय नाहीत.

खाजन चालते कसे?

मांडवी, झुआरीसारख्या नद्यांत भरतीचे खारे पाणी बरेच आतपर्यंत येते. काठची सखल जमीन बांध घालून पूर्वजांनी लागवडीखाली आणली, तीच खाजन. राज्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. बांधात पाण्यासाठी जे दार ठेवलेले असते, ती मानस. भरतीच्या रेट्याने तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आतले पाणी पोंयीत, म्हणजे सखल खोलगट भागात, साठते. पावसाळ्यात शेतात खार सोसणारे कोरगुट भात पिकते आणि पोंयीत शेवटे, काळुंदर, चणक, सुंगटे, कुर्ल्या वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाला जाळे लावले की मासळी मिळते.

ही मासळी पकडण्याचा हक्क कोणा एकाचा नाही, सगळ्यांचा. म्हणून त्याची पावणी होते. पूर्वी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, आणि शेतकऱ्यांची भोंस हा कारभार बघत. पावणीचा पैसा बांध आणि मानशीच्या देखभालीला लागे. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर उत्पन्न आणि घसारा एकाच वहीत मांडलेले असत. आणि मासळी कितीही मिळो, पोंयीतले पाणी शेतावर चढता कामा नये, हा नियम सगळ्यात मोठा.

गाडी रुळावरून उतरली कुठे?

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर कारभाराची घडी बदलली. १९७५ च्या नियमांनी बांधांची संयुक्त जबाबदारी कूळ संघटनांवर आली. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण संघटनेचे सदस्यच शेती सोडू लागले तर? शेत पडीक असले की पाणी चढले तरी ओरडणारा कोणी राहत नाही.

ठेकेदाराचे गणित वेगळे असते. त्याचा ठेका थोड्या काळाचा, बांध मात्र पिढ्यांचा. भरतीला दार उघडे ठेवले तर मासळी जास्त आत येते, मग काही जण तेच करतात. पाण्याच्या जोराने मानशीखालची माती खचते, बांध ढिला होतो. शेजाऱ्याच्या शेतात खार मुरते आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जावे लागतात. तोवर तोही शेती सोडतो. म्हणजे ओरडणारा आणखी एक कमी! शेवटी बांधच फुटला तर मानशीवर जाळे लावायचे कुठे? मासळीचे उत्पन्नही बुडते.

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे म्हटले आहे. पण भरतीच्या वेळी मानशीचे दार लागले की नाही, हे अधिसूचना बघायला येत नाही. ते गावालाच बघावे लागते.

पावणीला गेलात तर हे विचारा

- गेल्या पावणीचे किती पैसे आले आणि त्यातले बांधावर किती खर्च झाले?
- पोंयीतले पाणी कुठवर राहील, याची खूण मानशीवर केली आहे का?
- दार उघडे ठेवून शेत बुडवले तर ठेकेदाराची अनामत जप्त होईल, अशी अट लेखी आहे का?
- भाताच्या हंगामात मानशीवर लक्ष ठेवायला शेती करणारा माणूस नेमला आहे का?

या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर बोली कितीही मोठी लागो, ती गावाची कमाई नव्हे. बांध विकून आलेला तो पैसा आहे.